हट्टी तेरेजा आणि तिला घडविणारे घर

दरवर्षी १ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करते. हातात क्रूस आणि गुलाबाची फुले घेतलेली, शांत मुद्रेची ही कार्मेल मठातील धर्मभगिनी आपल्याला चर्चमधील पुतळ्यांवरून व घराघरांतील तसबिरींवरून चांगली परिचित आहे. त्या चित्राची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तेरेजा जन्मापासूनच अशी शांत व सोशिक असावी, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. मनासारखे झाले नाही की जमिनीवर लोळण घेणारी, रडता रडता श्वास कोंडेपर्यंत आकांत करणारी आणि पुढे आई गेल्यावर तब्बल नऊ वर्षांहून अधिक काळ कोणत्याही लहानसहान कारणाने अश्रू ढाळणारी अशी ही मुलगी होती. तिच्या ह्या अनावर भावनांना तिच्या घराने कसे हाताळले आणि अखेरीस देवाच्या कृपेने तिला स्वतःवर ताबा कसा मिळाला, ही कथा लहान मुले असलेल्या प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने जाणून घ्यावी अशी आहे.

ही माहिती आपल्याला दोन ठिकाणांहून मिळते. तेरेजाच्या आईने मुलींना व नातलगांना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. दुसरे म्हणजे तेरेजाने स्वतः आज्ञापालन म्हणून लिहिलेले आत्मचरित्र. बालपणाचा भाग तिने १८९५ साली लिहिला आणि तो लिहिताना आईची जुनी पत्रे तिच्यासमोर होती. त्यामुळे एकाच बालपणाकडे आईने त्या वेळी कसे पाहिले आणि मुलीने मोठेपणी कसे पाहिले, हे दोन्ही आपल्याला समजते.

मातापिता

तेरेजाची आई झेली गेरँ ह्यांचा जन्म १८३१ साली फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात झाला. त्यांचे वडील पोलीस दलात होते. घर धार्मिक होते, परंतु आईचा स्वभाव कठोर होता. झेली ह्यांना बालपणी मायेचा स्पर्श फारसा लाभला नाही. खेळायला साधी बाहुलीदेखील त्यांना कधी मिळाली नाही आणि ही खंत त्यांनी मोठेपणी आपल्या भावाला लिहून कळवली होती. आलाँसाँ हे त्यांचे गाव हातविणीच्या नाजूक लेससाठी प्रसिद्ध होते. झेली त्या कलेत निपुण झाल्या आणि त्यांनी स्वतःचा लेसचा व्यवसाय उभारला. १३ जुलै १८५८ रोजी त्यांचा विवाह लुई मार्टिन ह्या घड्याळजीशी झाला. पुढे पत्नीचा व्यवसाय वाढला तेव्हा लुई ह्यांनी १८७० साली आपले दुकान विकले आणि ते तिच्या कामात हातभार लावू लागले.

ह्या दाम्पत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी दोन मुलगे व एक मुलगी तान्हेपणीच वारली आणि एलेन नावाची मुलगी पाच वर्षांची असताना देवाघरी गेली. उरल्या पाच मुली: मेरी, पोलिन, लिओनी, सेलिन आणि सर्वांत धाकटी तेरेजा. इतकी मुले गमावलेली आई एक तर मुलांविषयी अतिहळवी होते किंवा मन घट्ट करून दूर राहते. झेली ह्यांनी तिसरा मार्ग धरला. आपल्याला बालपणी जे मिळाले नाही ते आपल्या मुलींना द्यायचे, परंतु त्यांना लाडावून ठेवायचे नाही, असा त्यांचा प्रयत्न होता. तो प्रयत्न नेहमीच यशस्वी झाला नाही. मात्र आपल्या चुकांची आणि अडचणींची नोंद त्यांनी पत्रांतून प्रांजळपणे केली आहे.

दाईच्या घरी

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी झाला आणि ४ जानेवारीला तिला स्नानसंस्कार देण्यात आला. थोरली बहीण मेरी तिची धर्ममाता झाली. काही आठवड्यांतच बाळाला आतड्याचा विकार जडला आणि त्याची प्रकृती ढासळली. झेली ह्यांना स्वतःचे दूध पाजता येत नव्हते. अखेरीस सेमाले ह्या खेड्यातील रोझ ताये नावाच्या शेतकरी बाईकडे बाळाला सोपवण्यात आले. तेथे मोकळ्या हवेत, शेतात आणि गाईगुरांच्या सहवासात तेरेजा वर्षभर वाढली व धष्टपुष्ट झाली.

परंतु बाळाच्या दृष्टीने आता रोझ हीच त्याची आई होती. रोझ आलाँसाँच्या बाजारात लोणी विकायला येई, तेव्हा ती बाळाला मार्टिन कुटुंबाच्या घरी आणून ठेवी. एकदा रोझ नजरेआड होताच तेरेजाने असा काही टाहो फोडला की घरातल्या कोणालाच तिला शांत करता येईना. झेली ह्यांनी त्यात स्वतःचा अपमान मानला नाही. आपल्या पोटची मुलगी परक्या बाईसाठी रडते, ह्याचे त्यांना दुःख झाले नसेल असे नाही. पण त्यांनी मोलकरणीसोबत बाळाला थेट बाजारात पाठवले. लोण्याच्या टोपलीशेजारी रोझला पाहताच बाळाचे रडे थांबले आणि ते हसू लागले. रडणाऱ्या बाळाला त्या क्षणी काय हवे आहे हे ओळखणे आणि आपला मान बाजूला ठेवून ते त्याला देणे, ह्यात मातृत्वाची मोठी समज दिसून येते.

२ एप्रिल १८७४ रोजी, सव्वा वर्षाची असताना, तेरेजा कायमची घरी परतली. आयुष्याच्या पहिल्या पंधरा महिन्यांत ह्या लेकराने दोनदा आपले माणूस गमावले होते.

जिन्याच्या पायऱ्या

घरी आलेली तेरेजा हुशार, प्रेमळ आणि विलक्षण हट्टी होती. डिसेंबर १८७५ मधील एका पत्रात आईने तिचे वर्णन केले आहे. मनाविरुद्ध काही घडले की जणू सर्वस्व बुडाले अशा निराशेने ती जमिनीवर लोळत असे. कधी कधी आवेग इतका वाढे की तिचा श्वास कोंडत असे. एकदा नाही म्हटले की कोणत्याही उपायाने ती हो म्हणत नसे. मात्र त्याच पत्रात आईने मुलीच्या गोड स्वभावाचा, तल्लख बुद्धीचा आणि दांडग्या स्मरणशक्तीचाही उल्लेख केला आहे. आईला मुलीचा हट्ट स्पष्ट दिसत होता, पण त्या हट्टापलीकडची मुलगीही दिसत होती.

त्याच काळातील आणखी एक सवय आईने नोंदवली आहे. तेरेजा एकटी जिना चढत असे, परंतु प्रत्येक पायरीवर थांबून ती आईला हाक मारी. जितक्या पायऱ्या तितक्या हाका. आईने प्रत्येक हाकेला ओ द्यायची. एखाद्या पायरीवर आई उत्तर द्यायला विसरली तर तेरेजा तेथेच उभी राही. तिचे पाऊल पुढेही पडत नसे आणि मागेही येत नसे. लेसच्या कामात डोळे घालून बसलेल्या, घर आणि धंदा दोन्ही सांभाळणाऱ्या ह्या आईला पायरीगणिक उत्तर देणे किती कंटाळवाणे वाटत असेल, ह्याची आपण कल्पना करू शकतो. पण आईने मुलीला उचलून वर नेले नाही किंवा हाका मारू नकोस म्हणून दटावलेही नाही. चढायचे मुलीनेच. आईने फक्त आपण येथे आहोत एवढे कळवत राहायचे. लहान मुलाला धीर देण्याची याहून सोपी आणि याहून अवघड रीत नाही.

ह्याचे फळ एका प्रसंगात दिसले. तेरेजा बागेत झोक्यावर बसली होती. वडिलांनी जाता जाता तिला पापा घ्यायला बोलावले. तिने झोक्यावरून न उतरता वडिलांनाच आपल्याकडे यायला सांगितले. लुई ह्यांनी ते मानले नाही. ते रागावलेही नाहीत, मुकाट्याने घरात निघून गेले. मेरीने तिला तिच्या उद्धटपणाची जाणीव करून दिली. त्याबरोबर तेरेजा झोक्यावरून उतरली आणि पश्चात्तापाने रडत, सारे घर दणाणून सोडत जिना चढली. ह्या खेपेस मात्र ती एकाही पायरीवर आईला हाक मारण्यासाठी थांबली नाही. वडिलांना गाठायचे आणि समेट करायचा, एवढेच तिच्या मनात होते. वडिलांनी तिला लगेच क्षमा केली.

ह्या घरात चूक कबूल करणे मुलांना भीतीदायक वाटत नसे. एकदा भिंतीवरच्या कागदाचा एक छोटासा तुकडा तेरेजाच्या हातून फाटला. वडील कधी येतात आणि त्यांना कधी सांगते, असे तिला झाले. वडील घरी आले तेव्हा मेरी त्यांना सांगायला विसरली होती, तर तेरेजानेच तिला आठवण करून दिली आणि ती निकालाची वाट पाहत उभी राहिली. आपण सांगितले तर आपल्याला क्षमा मिळेल, हा विश्वास तिच्या मनात पक्का होता. पुढील आयुष्यात तिने देवाच्या दयेवर जो अढळ विश्वास ठेवला, त्याचे पहिले धडे तिला ह्या घरात मिळाले.

बहिणींनी तेरेजाला आणखी एक साधन दिले होते. सरकवता येणाऱ्या मण्यांची एक छोटी माळ तिच्या खिशात असे. स्वतःचा हट्ट सोडला, बहिणीला काही दिले, तोंडावर आलेला उलट शब्द गिळला की ती खिशात हात घालून एक मणी सरकवी. चार वर्षांच्या मुलीला संयम म्हणजे काय हे व्याख्यानातून कळत नाही, पण बोटांना लागणारा मणी कळतो. तिचा हट्टी स्वभाव मोडून टाकण्याऐवजी त्याच हट्टाला चांगल्या कामाला जुंपण्याची ही युक्ती होती.

लिओनीचे दुःख

तथापि ह्याच घरात एक मुलगी कोमेजत होती. तिसरी मुलगी लिओनी लहानपणापासून आजारी असे. तिच्या अंगावर इसब उठे, अभ्यासात ती मागे पडे आणि तिचे वागणे कोणालाही आवरत नसे. ल मान्स येथील व्हिजिटेशन मठाच्या शाळेतून तिला दोनदा घरी पाठवून देण्यात आले. झेली ह्यांनी प्रेमाने सांगून पाहिले, कठोर होऊन पाहिले, प्रार्थना केल्या. काहीच लागू पडेना. ही मुलगी आपल्यापासून दूर का राहते, हे त्यांना उमगत नव्हते.

कारण १८७७ साली उघडकीस आले. घरातील मोलकरीण लिओनीला गुपचूप धाकात ठेवत होती. आपलेच ऐकायचे, आईचे नाही, असा तिचा दंडक होता आणि तो ती मारझोड करून पाळायला लावी. कोणतीही गोष्ट आईला सांगण्याची लिओनीला सोय नव्हती. मोलकरणीची समजूत अशी होती की ह्या मुलीला वळण लावायचे तर धाकच हवा. सत्य कळताच झेली ह्यांनी तिला लिओनीशी बोलण्याचीही मनाई केली. त्यानंतर काही दिवसांतच ही मुलगी आईला बिलगू लागली. पण आईच्या हाती आता फार थोडे महिने उरले होते.

एकाच छपराखाली दोन मुली अनावर होत्या. एकीच्या प्रत्येक हाकेला उत्तर मिळत होते, तर दुसरीला हाक मारण्याचीच भीती वाटत होती. धाकाने लिओनी गप्प झाली होती, परंतु सुधारली नव्हती. मूल शांत झाले म्हणजे त्याचे मन शांत झाले असे नव्हे, हे ह्या उदाहरणातून ध्यानात येते.

आईचा वियोग

झेली ह्यांच्या छातीतील गाठ कॅन्सरची असून आता उपाय नाही, असे डॉक्टरांनी १८७६ च्या अखेरीस सांगितले. जून १८७७ मध्ये त्या थोरल्या मुलींसह लुर्द येथे यात्रेला गेल्या. रोग बरा झाला नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती.

क्षुल्लक गोष्टींसाठी जमिनीवर लोळणारी ही मुलगी त्या दिवशी फारशी रडली नाही. आपल्या मनात काय चालले आहे हे तिने कोणालाच सांगितले नाही. घरातील मोठी माणसे आपापल्या शोकात व धावपळीत होती. धाकटीकडे लक्ष द्यायला कोणालाच सवड नव्हती. तिच्या नजरेस पडू नयेत अशा कितीतरी गोष्टी तिने पाहिल्या. शवपेटीचे झाकण मार्गिकेत उभे करून ठेवले होते. त्या झाकणासमोर ती एकटीच बराच वेळ उभी होती. त्याची उंची पाहण्यासाठी तिला मान वर करावी लागली होती, हे तिला पुढे कधीही विसरता आले नाही.

अंत्यविधीनंतर सेलिनने मेरीला आपली नवी आई मानले आणि तेरेजाने पोलिनच्या कुशीत शिरून तिला आपली आई केले. नोव्हेंबर १८७७ मध्ये लुई आपल्या पाचही मुलींसह लिझ्यू ह्या गावी राहावयास गेले. तेथे झेली ह्यांचे बंधू इसिदोर गेरँ ह्यांचे औषधांचे दुकान होते. मामा-मामींचा मुलींना आधार मिळावा, हा त्यामागील हेतू होता.

नव्या घरात तेरेजाला माया कमी पडली नाही. पण तिचा स्वभाव पार बदलला. बडबडी, खेळकर तेरेजा बुजरी झाली. परक्या माणसांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटेना. कोणी नुसते रोखून पाहिले तरी तिचे डोळे भरून येत. पूर्वी तिच्या भावना बाहेर उसळत, आता त्या आत वळल्या. पोलिनने तिला मायेने आणि शिस्तीने सांभाळले. तेरेजाला अंधाराची भीती वाटे, तेव्हा पोलिन तिला संध्याकाळी दूरच्या खोलीतून काहीतरी आणायला एकटीला पाठवी आणि नकार ऐकून घेत नसे. आपली ही भीती अशा रीतीने गेली नसती तर आपण फार भित्री झालो असतो, असे तेरेजाने पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे. भीती वाटते म्हणून पोलिनने तिला हिणवले नाही आणि भीती वाटते म्हणून घरात बसवूनही ठेवले नाही.

न सांगितलेली गोष्ट

१८८२ च्या उन्हाळ्यात नऊ वर्षांच्या तेरेजाच्या कानावर अचानक एक संभाषण पडले. पोलिन लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल होणार होती आणि हे ती मेरीला सांगत होती. तेरेजाला कोणीच काही सांगितले नव्हते. दुसऱ्यांदा आपण आई गमावणार, हे तिला असे आडून कळले. २ ऑक्टोबर रोजी पोलिन मठात गेली. मठाच्या भेटीच्या खोलीत, जाळीपलीकडच्या पोलिनशी बोलायला तेरेजाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येत.

त्या वर्षाच्या अखेरीपासून तिचे डोके सतत दुखू लागले. मार्च १८८३ मध्ये ईस्टरच्या सुमारास मामाच्या घरी आईच्या आठवणी निघाल्या आणि त्याच रात्री तिला हुडहुडी भरून तिचे अंग थरथर कापू लागले. त्यानंतर कित्येक आठवडे ती अंथरुणाला खिळली. तिला भास होत, ती किंचाळत असे, आपल्या माणसांनाही ओळखत नसे. घरच्यांनी डॉक्टरांना बोलावले आणि प्रार्थनाही सुरू ठेवल्या. उपचार आणि श्रद्धा ह्यांत त्यांनी कधी विरोध मानला नाही. बहिणी आळीपाळीने तिच्या उशाशी बसून राहिल्या. १३ मे १८८३ रोजी, पेंटेकॉस्टच्या सणादिवशी, खोलीतील पवित्र मारियेच्या पुतळ्यासमोर बहिणी गुडघे टेकून प्रार्थना करत असताना तेरेजाला पवित्र माता आपल्याकडे पाहून स्मित करत असल्याचे दिसले आणि त्या क्षणापासून ती बरी झाली.

तरीही तिचे हळवेपण गेले नाही. ८ मे १८८४ रोजी तिने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. पुढील वर्षी तिला एका वेगळ्याच पीडेने घेरले. आपल्या प्रत्येक साध्या विचारात तिला पाप दिसू लागले. ही मनाची टोचणी सुमारे दीड वर्ष टिकली. त्या काळात मेरीने तिचे सर्व काही न कंटाळता ऐकून घेतले. प्रायश्चित्त संस्काराला जाण्यापूर्वी त्यांतले काय सांगायचे आणि काय सोडून द्यायचे, हे मेरीच तिला ठरवून देई. मग ऑक्टोबर १८८६ मध्ये मेरीही कार्मेल मठात गेली. आता ऐकून घेणारे कोणी उरले नाही. तेव्हा तेरेजाने आपल्या चार दिवंगत भावंडांना हाक मारली. मला विसरू नका, अशी तिने त्यांना विनवणी केली आणि तिच्या मनाला शांती लाभली. हाक मारली की उत्तर मिळते, हा जिन्यावर शिकलेला विश्वास अजून तिच्यापाशी होता.

१८८६ चा नाताळ

तेरेजाला चौदावे वर्ष पूर्ण व्हायला आठ दिवस उरले होते. मध्यरात्रीच्या मिस्सेहून सर्वजण घरी परतले. फ्रान्समध्ये नाताळच्या रात्री मुलांच्या बुटांत भेटवस्तू ठेवण्याची प्रथा आहे. घरातील शेंडेफळ म्हणून तेरेजासाठी ती अजून चालू होती. लुई त्या रात्री थकले होते. शेगडीजवळचे बूट पाहून, हे आता शेवटचेच वर्ष, असे काहीसे त्रासिक उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. तेरेजा टोपी काढून ठेवण्यासाठी जिना चढत होती. तिने ते ऐकले.

तिचे डोळे भरून आले. सेलिनने ते पाहिले आणि आता लगेच खाली जाऊ नकोस, असे तिला सुचवले. आता काय होणार हे सेलिनला अनुभवाने ठाऊक होते. तेरेजा रडणार, मग आपण रडलो म्हणून पुन्हा रडणार. पण त्या रात्री तेरेजाने अश्रू आवरले. काळीज धडधडत असतानाच ती जिना उतरली, वडिलांसमोर बसली आणि एकेक भेटवस्तू आनंदाने बाहेर काढू लागली. लुई हसू लागले. सेलिनला आपण स्वप्न पाहत आहोत असे वाटले.

साडेचार वर्षांची असताना हरवलेले मनोबल आपल्याला त्या रात्री परत मिळाले, अशी तेरेजाची आयुष्यभर श्रद्धा होती. तिने ह्याचे सारे श्रेय बाळ येशूला दिले आणि ते यथार्थच आहे. परंतु देवाची कृपा माणसाच्या स्वभावावरच आपले काम उभारते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. नऊ वर्षांहून अधिक काळ ह्या मुलीच्या अश्रूंची ह्या घराने थट्टा केली नव्हती. कृपेचे बीज पडले तेव्हा जमीन मऊ होती. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या रात्री तिचे दुःख नाहीसे झाले नव्हते, वडिलांचे शब्द तिला लागलेच होते. फरक इतकाच की आता त्या दुःखापेक्षा वडिलांचा आनंद तिला मोठा वाटला.

मठातील जीवन

९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या १५ व्या वर्षी, तेरेजा लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली. तेथेही तिचा तापट पिंड तिच्यासोबत होताच. प्रार्थनेच्या वेळी एक भगिनी सतत बारीक आवाज करीत असे. त्या आवाजाने तेरेजाला घाम फुटे. मागे वळून तिच्याकडे रोखून पाहण्याची ऊर्मी ती दाबून धरी आणि तोच आवाज संगीत म्हणून ऐकण्याचा प्रयत्न करी. दुसऱ्या एका प्रसंगी मठातील किल्ल्या परत देण्यावरून एका भगिनीशी तिचा खटका उडाला आणि दोष तिच्यावर आला. स्वतःची बाजू मांडायला ती उत्सुक होती. पण आता बोलू लागलो तर मनाची शांती घालवून बसू, हे ओळखून ती तेथून चक्क निघून गेली. तिचे काळीज इतके धडधडत होते की तिला फार दूर जाता आले नाही आणि ती जिन्यावर बसून राहिली. आपली शक्ती कोठे संपते हे ओळखून वेळीच बाजूला होणे हाही विजय आहे, हे तिने स्वतःच्या अनुभवातून जाणले.

१८९३ पासून तिच्याकडे नवशिक्या भगिनींना मार्गदर्शन करण्याचे काम आले. प्रत्येक जीव वेगळा असतो, एकीला मायेने सांगावे लागते तर दुसरीशी ठाम राहावे लागते, हे तिने तेथे अनुभवले. स्वतःच्या प्रगतीविषयी निराश झालेल्या एका नवशिक्या भगिनीला तिने एक दृष्टांत दिला. एक लहान मूल जिन्याच्या पायथ्याशी उभे आहे. त्याला वर आईकडे जायचे आहे, पण पहिली पायरीदेखील त्याला चढता येत नाही. त्याने फक्त आपले इवलेसे पाऊल उचलत राहावे. त्याची धडपड पाहून देव स्वतः खाली येईल आणि त्याला उचलून नेईल. आलाँसाँच्या घरातील जिना आणि पायरीपायरीला ओ देणारी आई ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या दृष्टांताचे मूळ वेगळे सांगावे लागत नाही.

क्षयरोगाने ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी, तेरेजाचे निधन झाले. तिचे आत्मचरित्र पुढील वर्षी प्रकाशित झाले. पोप पायस अकरावे ह्यांनी १७ मे १९२५ रोजी तिला संत म्हणून घोषित केले आणि १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्यासमवेत मिशनकार्याची आश्रयदाती नेमले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९७ साली तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता हा सन्मान दिला. तिचे मातापिता लुई आणि झेली ह्यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी एकत्रितपणे संतपद बहाल केले.

आणि लिओनी? मठजीवनाचे तिचे तीन प्रयत्न फसले. चौथ्या खेपेस, १८९९ साली, तेरेजाच्या मृत्यूनंतर, ती कॅन शहरातील व्हिजिटेशन मठात दाखल झाली आणि जून १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथे समाधानाने राहिली. २०१५ साली तिच्याही संतपदाची प्रक्रिया सुरू झाली. आईच्या हयातीत जिच्याविषयी कोणालाच आशा वाटत नव्हती, त्या मुलीची ही वाटचाल पाहिली की कोणत्याही मुलाविषयी निराश होण्याचा आपल्याला अधिकार नाही, हे पटते.

आपल्या घरांसाठी

आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत आईवडील दोघेही नोकरीनिमित्त दिवसभर बाहेर असतात. संध्याकाळी थकून परतल्यावर मुलाने एखाद्या क्षुल्लक कारणावरून आकांत मांडला की आपलाही तोल जातो. कधी आपण धपाटा घालतो, तर कधी हातात मोबाईल देऊन त्याला गप्प करतो. दोन्ही उपायांनी आवाज बंद होतो, पण मुलाची हाक अनुत्तरित राहते.

मार्टिन कुटुंबाकडे काही जादू नव्हती. मुलाच्या रडण्यात त्यांनी स्वतःचा अपमान पाहिला नाही. हट्टापुढे ते नमले नाहीत आणि हट्टासाठी त्यांनी मुलाचे प्रेमही तोडले नाही. चूक सांगणाऱ्याला त्यांनी क्षमा केली. जेथे ते चुकले तेथे मुलांनी त्याची मोठी किंमत मोजली. लिओनीच्या बाबतीत भीतीकडे दुर्लक्ष झाले, तेरेजाच्या बाबतीत मृत्यू आणि वियोग तिला समजेल अशा शब्दांत सांगायचे राहून गेले. घरात आजारपण असो, मृत्यू असो वा कोणी दूर जाणार असो, लहान मुलाला ते आपल्या तोंडून, मांडीवर घेऊन सांगावे. त्याला काही कळत नाही असे समजून गप्प बसू नये. आणि मुलाचा त्रास आपल्या आवाक्याबाहेरचा वाटला तर प्रार्थनेबरोबरच तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्लाही जरूर घ्यावा.

तेरेजाला स्वतःवर ताबा मिळवायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. ती तर संत होती. आपल्या मुलांना आपण एका संध्याकाळचीही सवड देत नाही. बाळ येशूच्या संत तेरेजाच्या आणि तिच्या पुण्यशील मातापित्यांच्या मध्यस्थीने प्रभू आपल्या घरांना हा धीर देवो आणि जिन्याच्या कोणत्याही पायरीवरून आलेली आपल्या लेकरांची हाक आपल्या कानी पडो.